नव्या माउसला जुनी चाल

अमिगा ५००च्या पाठीमागे नऊ पिनांचे दोन पोर्ट शेजारी-शेजारी आहेत. पहिल्यात माउस लागतो, दुसऱ्यात जॉयस्टिक. कमोडोर कंपनीने हा घरगुती संगणक १९८७ साली बाजारात आणला. १९९४ साली कंपनीचंच दिवाळं वाजलं, तरी ही यंत्रं आजही जगभरच्या शौकिनांच्या टेबलांवर चालू आहेत. कपॅसिटर बदलले, फ्लॉपी ड्राइव्हचं हेड पुसलं, पॉवर सप्लाय धड केला की पडदा उजळतो. मग हात माउसकडे जातो आणि तिथे घोडं अडतं.

जुन्या यंत्राच्या सगळ्या भागांत माउसइतकी झीज कुणाचीच होत नाही. आतला रबरी गोळा कडक होऊन घसरतो. रोलरांवर मळाचा चिकट थर चढतो. केबल माउसच्या तोंडाशी सतत वाकून आतल्या आत तुटते; बाहेरून धड दिसते आणि बाण मात्र एकाच दिशेला हलतो. डावं बटण तर लाखो वेळा दाबलेलं असतं. साफसफाई करून, बटणाखालचा स्विच बदलून असा माउस काही काळ जगवता येतो. पण असे माउस आता बनत नाहीत, आणि चांगल्या स्थितीतला जुना माउस मिळालाच तर त्याची किंमत ऐकून माणूस गप्प बसतो.

इकडे कोपऱ्यावरच्या दुकानात तीन-चारशे रुपयांत नवा माउस मिळतो. त्यात गोळा नाही, मळ साचत नाही, बाण लोण्यासारखा सरकतो. हा माउस त्या नऊ पिनांच्या पोर्टात लावायचा कसा, या प्रश्नावर गेली कित्येक वर्षं अनेक देशांतले हौशी लोक काम करत आहेत. काम दिसतं प्लग बदलण्याचं. प्रत्यक्षात अडचण प्लगची नाहीच. जुना माउस काय सांगतो आणि नवा काय सांगतो, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

जुन्या माउसच्या पोटात काय असतं ते आधी पाहू. गोळा फिरला की त्याला टेकलेले दोन रोलर फिरतात, एक आडव्या हालचालीचा, एक उभ्या. प्रत्येक रोलरच्या टोकाला खाचा पाडलेली चकती असते. चकतीच्या एका बाजूला इन्फ्रारेड एलईडी आणि दुसऱ्या बाजूला किंचित अंतरावर ठेवलेले दोन फोटोट्रान्झिस्टर. चकती फिरते तसा प्रकाश अडतो, सुटतो, आणि दोन तारांवर दोन चौकोनी लहरी उमटतात, एक दुसरीपेक्षा पाव पाऊल मागे. शून्य-शून्य, शून्य-एक, एक-एक, एक-शून्य, असा क्रम चालू राहतो. क्रम सुलटा की उलटा यावरून दिशा कळते, आणि किती पायऱ्या झाल्या यावरून अंतर. आडव्यासाठी दोन तारा, उभ्यासाठी दोन, बटणांच्या वेगळ्या, शिवाय पाच व्होल्ट आणि ग्राउंड. झाला माउस. त्याला स्वतःची अक्कल नाही. तो मोजत नाही, काही लक्षात ठेवत नाही. मोजायचं काम पलीकडच्या संगणकाचं.

आजचा यूएसबी माउस अगदी उलट. त्याच्या पोटातला बारीक कॅमेरा टेबलाच्या पृष्ठभागाचे सेकंदाला हजारो फोटो काढतो, आधीच्या फोटोशी ताडून पाहतो आणि आपण किती सरकलो याचा आकडा स्वतःच ठरवतो. मग तो आकडा पाकिटात बंद करून पाठवतो. सगळ्यात साध्या पाकिटात तीन बाइट असतात: एक बटणांचा, एक आडव्या सरकण्याचा, एक उभ्या. आणि महत्त्वाची गोष्ट म्हणजे हा माउस आपणहून तोंड उघडत नाही. यूएसबीच्या नियमाप्रमाणे विचारायचं संगणकाने आणि उत्तर द्यायचं माउसने. साधा माउस असेल तर दर आठ-दहा मिलिसेकंदांनी विचारावं लागतं.

अमिगाला हे विचारणं ठाऊक नाही. यूएसबी आलं १९९६ साली, कमोडोर बुडाल्यावर दोन वर्षांनी. म्हणून मध्ये एक दुभाषा बसवावा लागतो, आणि त्याला माउसच्या बाजूने पूर्ण संगणक व्हावं लागतं. आज या कामाला हौशी लोक सर्रास रास्पबेरी पाय पिको वापरतात. २०२१ साली चार डॉलरला आलेला हा बोटभर लांबीचा बोर्ड. त्याच्या चिपमध्ये २६४ किलोबाइट रॅम आहे. १९८५ सालची पहिली अमिगा १००० ज्या रॅमसह विकली गेली ती होती २५६ किलोबाइट. माउस जोडणाऱ्या तुकड्यात मूळ संगणकापेक्षा जास्त रॅम, हे मला अजूनही विलक्षण वाटतं.

मधला एक सोपा काळही होऊन गेला. आयबीएमने १९८७ साली पीएस/टू पोर्ट आणला. त्यातला माउस एकदा ‘सुरू कर’ म्हटलं की आपणहून बोलतो, दोनच तारांवर, एकेक बिट करून. हे वाचायला अगदी छोटी चिपही पुरते. म्हणून मायक्रोमिससारखे आधीचे तयार अडॅप्टर पीएस/टू माउससाठी होते. मग लोकांनी यूएसबी माउससोबत मिळणारा तो छोटा हिरवा प्लग लावून पाहिला, आणि काहींचा माउस चालला, काहींचा मेला. कारण त्या हिरव्या प्लगच्या आत कोणतंही सर्किट नसतं, नुसत्या तारा इकडच्या तिकडे. माउसला स्वतःला दोन्ही पद्धती येत असतील तरच तो चालतो. नव्या माउसांपैकी अनेकांत पीएस/टू शिकवलेलंच नसतं. म्हणून नंतर माउस्टरसारखे थेट यूएसबी घेणारे अडॅप्टर आले, आणि स्मॉलीमाउस२सारखी खुली डिझाइनं, ज्यांचा नकाशा आणि प्रोग्रॅम दोन्ही कुणालाही घेऊन बनवता येतात.

आता दुभाष्याचं खरं काम. ठाण्यातल्या एका काकांच्या टेबलावर मी ते जवळून पाहिलं. काकांची सारी नोकरी यंत्रदुरुस्तीत गेली आहे आणि निवृत्तीनंतर त्यांनी हा नाद लावून घेतला आहे. त्यांनी अडॅप्टरच्या प्रोग्रॅममधली गतीची वजावट मुद्दाम काढून टाकली आणि माउस माझ्या हातात दिला. हळू नेला तर बाण नीट चालला, फक्त फार वेगात. “आता जरा झटकून बघ उजवीकडे,” काका म्हणाले. मी झटकला, आणि बाण डावीकडे पळाला.

हे का होतं? अमिगात पायऱ्या मोजायला आठ बिटांचे काउंटर आहेत. ते शून्यापासून २५५ पर्यंत मोजतात आणि पुन्हा शून्यावर येतात. संगणक पडद्याच्या प्रत्येक फेरीला, म्हणजे युरोपी पद्धतीत सेकंदाला ५० वेळा, काउंटर वाचतो आणि मागच्या आकड्याशी फरक काढतो. दोन वाचनांच्या मध्ये १२७ पायऱ्यांपर्यंत हिशेब बरोबर लागतो. त्याच्या पुढे गेलं की १५० पायऱ्या पुढे आणि १०६ पायऱ्या मागे यांत संगणकाला फरकच करता येत नाही, आणि तो जवळचं उत्तर धरतो. म्हणजे सेकंदाला ६,३५० पायऱ्या ही सीमा. मूळ माउस इंचाला सुमारे २०० पायऱ्या द्यायचा, म्हणजे सेकंदाला ३१ इंचांहून जास्त झटका मारला तरच गडबड. त्या गतीने कोणी माउस हलवत नाही. पण आजचा माउस इंचाला १,६०० सहज देतो. मग सेकंदाला चार इंचांतच सीमा ओलांडते. मूळ रचनेत खोट नव्हती. ती तिच्या काळच्या माउससाठी नेमकी मापून केलेली होती.

उपाय म्हणजे भागाकार. १,६००चे २०० करायचे तर आठने भागा. इथे नवशिक्याचा पहिला प्रोग्रॅम हमखास फसतो. माउस हळू सरकतोय, पाकिटात येतंय तीन, मग पुन्हा तीन, पुन्हा तीन. तीनला आठने भागलं की शून्य. प्रत्येक वेळी शून्य. हात सरकतोय आणि बाण जागचा हलत नाही. म्हणून बाकी जपून ठेवायची आणि पुढच्या पाकिटात मिळवायची: तीन, सहा, नऊ, नऊ झाले की एक पायरी द्यायची, उरलेला एक खिशात ठेवायचा. डावीकडच्या हालचालीचे आकडे उणे असतात, तिथे आणखी एक फट आहे. भागाकाराऐवजी बिट सरकवण्याची झटपट युक्ती वापरली तर अधिक तीनचं शून्य होतं, पण उणे तीनचं उणे एक. मग बारीक काम करताना बाण उजवीकडे हटून बसतो आणि डावीकडे मात्र सुळकन जातो. चित्र काढणाऱ्याला हे लगेच जाणवतं, प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला उशिरा.

भागाकार झाला तरी पायऱ्या द्यायच्या कशा, हा पुढचा प्रश्न. काकांकडच्या ऑसिलोस्कोपवर दोन्ही लहरी एकाखाली एक लावलेल्या होत्या. पहिल्या प्रकारात पाकीट आलं की अडॅप्टर वीसच्या वीस पायऱ्या एका दमात ओकून टाकत होता. पडद्यावर दाट रेघांचा एक गठ्ठा, मग आठ मिलिसेकंदांची मोकळी जागा, मग पुन्हा गठ्ठा. दुसऱ्या प्रकारात त्याच वीस पायऱ्या ०.४ मिलिसेकंदांच्या अंतराने पसरलेल्या, एकसारख्या. अमिगाला दोन्ही चालतात, कारण तिथे मोजणारं खास हार्डवेअर आहे. अटारी एसटीला पहिला प्रकार मानवत नाही.

एसटीची गंमत वेगळी आहे. १९८५ सालच्या या यंत्रात माउसची मोजणी मुख्य प्रोसेसर करतच नाही. कीबोर्डच्या आत हिताचीची एचडी६३०१ नावाची छोटी चिप आहे, १२८ बाइट रॅमची. ती कळा तपासते, जॉयस्टिक बघते आणि मधल्या वेळात माउसच्या तारांवर नजर टाकते. नजर दुसरीकडे असताना पायऱ्या उलटून गेल्या तर त्या गेल्याच. आणि मोजून झाल्यावर ही चिप काय करते? तीन बाइटांचं पाकीट करून मुख्य प्रोसेसरला पाठवते. म्हणजे नव्या माउसने पाकीट पाठवायचं, अडॅप्टरने ते फोडून लहरी करायच्या आणि कीबोर्डच्या चिपने त्या लहरींचं पुन्हा पाकीट बांधायचं. मधली चिप ओलांडून थेट पाकीट द्यायचा मोह होतो, पण त्यासाठी कीबोर्ड उघडून तारा कापाव्या लागतात. मला ते पटत नाही. ज्या यंत्राने चाळीस वर्षं काढली त्याच्या बोर्डावर आपल्या सोयीसाठी सोल्डरिंग आयर्न टेकवू नये. जे करायचं ते पोर्टाच्या बाहेर करावं, आणि अडॅप्टर काढला की यंत्र होतं तसं राहावं.

अमिगा आणि एसटीचे प्लग सारखे दिसतात, पण आतल्या तारांचा क्रम वेगळा आहे. एक आणि चार क्रमांकाच्या पिना उलटसुलट केल्या की एकाचा माउस दुसऱ्याला चालतो.

बीबीसी मायक्रोचं नाव आपल्याकडे अनेकांना आठवेल. १९८४-८५ साली शाळांमध्ये संगणक साक्षरतेचा ‘क्लास’ प्रकल्प सुरू झाला तेव्हा निवडक शाळांत हीच यंत्रं आली होती. इंग्लंडात त्यासाठी एएमएक्स नावाचा माउस निघाला. तो यूजर पोर्टला लागायचा. तिथे प्रत्येक पायरीला प्रोसेसरला हाक जाते: हातातलं काम थांबव, दिशा बघ, आकडा वाढव, परत कामाला लाग. २ मेगाहर्ट्झच्या ६५०२ प्रोसेसरला जुन्या माउसच्या हाका झेपायच्या. नव्या माउसच्या हाकांचा भडिमार झाला की त्याला दुसरं काही करायला सवडच मिळत नाही आणि प्रोग्रॅम गोठल्यासारखा वाटतो. म्हणूनच स्मॉलीमाउस२मध्ये अशा आठ बिटी यंत्रांसाठी गती अडवण्याची सोय मुळातच ठेवलेली आहे.

सगळ्यात अवघड, आणि माझ्या मते सगळ्यात सुंदर, गोष्ट कमोडोर ६४ची. १९८२च्या या यंत्राला लहरी मोजायची वेगळी सोय नाही. पण त्याच्या आवाजाच्या चिपमध्ये, म्हणजे सिडमध्ये, पॅडल नावाच्या फिरत्या बटणाचा रेझिस्टन्स मोजायच्या दोन वाटा आहेत. चिप एक कपॅसिटर २५६ चक्रं रिकामा धरते, मग सोडते आणि तो भरायला किती चक्रं लागली ते मोजते. कमोडोरच्या १३५१ माउसने याच वाटेचा उपयोग केला. तो सिडने तार सोडल्याचा क्षण पकडायचा आणि आपल्याला हवा असलेला आकडा भरेल इतका वेळ थांबून तार वर खेचायचा. सिडला वाटायचं, पॅडल फिरलं. एक चक्र म्हणजे जेमतेम एक मायक्रोसेकंद. खालचा एक बिट खडखडाटासाठी सोडून दिलेला, वरचा वापरायचा नाही, मधल्या सहा बिटांत ६४ स्थानं. एवढ्या बळावर जिऑस नावाची खिडक्या-मेनूंची प्रणाली या यंत्रावर चालली.

अडॅप्टरला हे जमवायचं तर यूएसबीकडे लक्ष देतानासुद्धा हा मायक्रोसेकंद चुकवून चालत नाही. दोन मायक्रोसेकंद इकडे-तिकडे झाले की बाण एका ठिपक्याने थरथरतो. पिकोच्या चिपमध्ये मुख्य प्रोसेसरपासून स्वतंत्र चालणारी आठ छोटी यंत्रं आहेत, ज्यांना फक्त पिना वरखाली करायचं काम दिलेलं असतं. त्यातली दोन आडव्या-उभ्या तारांना जुंपली की मुख्य प्रोसेसर माउसशी निवांत बोलू शकतो.

ट्रॅकबॉलची, म्हणजे जागेवरच बसवलेला गोळा हाताने फिरवायच्या साधनाची, वाट याच सगळ्यातून जाते, पण त्याची हकिगत माउसपेक्षा जुनी आहे. ब्रिटिश नौदलासाठी राल्फ बेंजामिन यांनी १९४६ साली रडारच्या कामाला गोळ्याचं साधन तयार केलं. १९५२च्या सुमारास कॅनडाच्या नौदलाच्या डेटार प्रकल्पात त्यासाठी चक्क बोलिंगच्या खेळातला चेंडू वापरला होता. डग्लस एंगलबार्ट यांचा लाकडी माउस आला १९६४ साली. घरगुती संगणकांच्या पिढीला ट्रॅकबॉल भेटला तो खेळांतून. अटारीचे १९८० सालचा मिसाइल कमांड आणि १९८१ सालचा सेंटिपीड हे खेळ आर्केडमध्ये गोळ्यावर खेळले जायचे. घरच्यासाठी अटारीने सीएक्स२२ नावाचा ट्रॅकबॉल काढला, पण बहुतेक घरगुती खेळांना त्याची खरी भाषा येत नव्हती. ते त्याला जॉयस्टिक समजून वापरायचे, त्यामुळे गोळा गरकन फिरवला काय आणि हळूच फिरवला काय, खेळाला सारखंच. पुढे हौशी लोकांनी या खेळांचे प्रोग्रॅम दुरुस्त करून त्यांना खरा ट्रॅकबॉल समजायला शिकवलं. या ट्रॅकबॉलची तारांवरची रीतही वेगळी: एक तार फक्त दिशा सांगते, दुसरी फक्त पायरी. दुभाष्याला ही रीतही शिकवावी लागते.

आजचा यूएसबी ट्रॅकबॉल अडॅप्टरच्या दृष्टीने माउसच असतो, तेच तीन बाइट, तीच पाकिटं. म्हणून वेगळं काही न करता तो चालतो, आणि याचं मोल खेळांपलीकडचं आहे. ज्यांनी ही यंत्रं ऐन उमेदीत वापरली ते आता साठीच्या आसपास आहेत. मनगट दुखतं, बोटांना कंप असतो. मोठ्या गोळ्याच्या ट्रॅकबॉलवर हात टेकून बसता येतं, नुसती बोटं हलवायची. काका हल्ली त्यावरच काम करतात. गोळा फिरवून सोडला की तो क्षणभर फिरत राहतो, त्यामुळे इथे सीमा लवकर गाठली जाते. त्यांनी वजावट आठवरून बारावर नेली आहे.

हे घरी करायचं असेल तर सामानासाठी फार लांब जावं लागत नाही. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड. पण दोन-तीन गोष्टी सांभाळा. पिकोच्या पिना ३.३ व्होल्टच्या आणि अमिगाच्या तारा पाच व्होल्टला खेचलेल्या, म्हणून मध्ये ७४०७ ही चिप टाकावी. तिच्यात सहा दारं असतात, आणि आपल्याला लागतातही सहाच, चार लहरी आणि दोन बटणं. पोटभर दिव्यांनी चमकणारा गेमिंग माउस घेऊ नका. अमिगाचे दोन्ही पोर्ट मिळून १२५ मिलिअँपिअर देतात आणि कमोडोर ६४चा पोर्ट जेमतेम ५०; त्यात अडॅप्टरचं स्वतःचंही पोट भरायचं असतं. जोडताना यंत्र बंद ठेवा. जुन्या टीव्ही गेमच्या रिमोटची नऊ पिनांची केबल हाताशी असते म्हणून कापायला घेऊ नका: तिच्यात पाचच तारा असतात, माउसला आठ लागतात. आणि पीसीच्या जुन्या सिरीयल माउसचा प्लग या पोर्टात अगदी चपखल बसतो, पण त्याची वीज आणि भाषा दोन्ही वेगळी आहेत.

आजच्या संगणकावर हेच सगळं एम्युलेटरने, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमने, करता येतं, हे खरं आहे, आणि फाइल उघडून बघण्यापुरतं ते पुरेसंही आहे. पण हाताने केलेल्या कामाचा अंदाज त्यातून येत नाही. २३ जुलै १९८५ रोजी न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमध्ये अमिगाच्या उद्घाटनाला चित्रकार अँडी वॉरहॉल यांनी गायिका डेबी हॅरीचं चित्र पडद्यावर रंगवलं. त्यांनी पुढे अमिगावर केलेली चित्रं फ्लॉपींमध्ये अडकून होती. २०१४ साली कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संगणक क्लबच्या मंडळींनी ती बाहेर काढली. त्या चित्रांतल्या रेषा अडखळत्या आहेत. त्यात कलावंताची निवड किती आणि इंचाला २०० पायऱ्यांच्या माउसचा वाटा किती, हे समजून घ्यायचं तर तशाच गतीचा माउस हातात घेऊन तशी रेष ओढून पाहावी लागेल. नव्या माउसचा सगळा वेग आणि बारकावा जुन्या यंत्रात ओतणाऱ्या अडॅप्टरवर ते कळणार नाही.

म्हणून मूळ माउस निकामी व्हायच्या आत एक काम उरकून घ्यावं. टेबलावर पट्टी ठेवा, माउस तिच्या कडेने बरोबर एक इंच सरकवा आणि आधीचा व नंतरचा काउंटर वाचा. बेसिकमध्ये चार ओळींचा प्रोग्रॅम पुरतो. पाच-सहा वेळा करून सरासरी काढा, आडवी वेगळी, उभी वेगळी. तो आकडा माउसच्या पोटात चिठ्ठीवर लिहून ठेवा आणि अडॅप्टरची वजावट त्यालाच जुळवा.